आठवडाभरात तुळशीकट्ट्याचा कशिदा, घर आणि फेरफटका सांभाळून

‘वेळ मिळाला की करीन’ म्हणून ठेवलेलं कापड कपाटातच पिवळं पडतं. घरचं काम संपत नसतं, तेव्हा सुईला उरलेला वेळ देऊन भागत नाही, ठरलेला द्यावा लागतो. आमच्या बेळगावातल्या वडगावात माझा तो दुपारचा. जेवणं झाली, भांडी पालथी घातली, की सोप्यात दाराजवळ बसायचं, उजेड डाव्या खांद्यावरून येईल असं. रात्री दिव्याखाली मॅटीची, म्हणजे मोजून भरायच्या भोकाभोकांच्या कापडाची, भोकं मोजत बसू नका. डोळे शिणतात आणि मोजणी चुकते.

पूजेच्या ताटावर झाकायचा रुमाल एका आठवड्यात पुरा होतो. त्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत तुळशीकट्टा आणि कडेनं पायऱ्यांची वेल, एवढंच काम. टाका कसुतीचा, धारवाडकडच्या बायका इरकल लुगड्यांवर भरतात तो. कसुतीत कापडावर नक्षी छापून घेत नाहीत. धागे मोजून काम चालतं, म्हणून शिकणारीनं आधी मॅटीवरच हात बसवावा. लुगड्याचे बारीक धागे मोजणं पुढची गोष्ट.

खरेदी रविवारी. खासबागच्या बाजाराला भाजी आणायला जायचंच असतं, पण दोरा मात्र मी आदल्या दिवशी गावात, गणपत गल्लीकडे गेले की घेऊन ठेवते. अर्धा मीटर पांढरी मॅटी घेतली तर दोन रुमाल निघतात. दोरा अँकरचा: लाल, हिरवा आणि गडद जांभळा, प्रत्येकी एक लडी. लडी आठ मीटरची असते आणि दोऱ्याला सहा पदर असतात. त्यातले दोनच पदर एका वेळी ओवायचे. सुई बोथट टोकाची मागा. टोकदार सुई दोन धाग्यांच्या मधून न जाता धागाच फोडते. लाल आणि जांभळ्या दोऱ्याचा छोटा तुकडा ओला करून पांढऱ्या चिंधीत दाबून बघा. रंग उतरला तर तो दोरा पांढऱ्या मॅटीला लावू नका, कितीही आवडला तरी.

आता फेरफटका. माझ्या लेखी हा कशिद्याचाच भाग आहे. पुस्तकातल्या नमुन्यावरून काढलेला कट्टा सगळ्यांचा सारखा दिसतो. पायांनी जाऊन बघितलेला आपला असतो. सोमवारी सकाळी दूध तापवून ठेवलं की निघावं. वडगावातून नाथ पै चौकाकडे, तिथून शहापूरच्या खडेबाजारातून कपिलेश्वरापर्यंत. सोमवार असल्यानं देवळात गर्दी असते, पण वाटेतल्या गल्ल्या निवांत असतात. विणकरांच्या घरांतून मागाची खडखड ऐकू येते. जुन्या घरांच्या अंगणात तुळशीकट्टे बघत चला. पायऱ्या किती, वरचा भाग आत घेतलाय का सरळ उभा, दिव्याचा कोनाडा चौकोनी की कमानीचा. छोटी वही आणि पेन्सिल बरोबर असू द्या. दारात कोणी असेल तर विचारून मगच काढा. आमच्याकडे अशा वेळी नाही कोणी म्हणत नाही; उलट ‘आत या, चहा घ्या’ म्हणतात, आणि मग घरी यायला उशीर होतो. म्हणून भात निघायच्या आधीच कुकरला लावून ठेवावा.

ज्यांना लांब चालायला आवडतं त्यांनी एक दिवस किल्ल्यात जावं. तिथली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बीचिराज यानं बांधवलेली. मंडपाच्या छतातून खाली उमललेलं दगडी कमळ मान वर करून नीट बघा. त्याच्या पाकळ्या एकाआड एक, थरावर थर आहेत. कशिद्यात ते सगळं उतरत नाही, आठ पाकळ्यांत आटोपावं लागतं, पण मधल्या गाभ्यापासून बाहेर कसं वाढत जायचं हे त्या छताखाली उभं राहिलं की कळतं.

टिळकवाडीकडे गेलात तर काँग्रेस विहिरीपाशी थांबा. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं काँग्रेसचं अधिवेशन झालं आणि पाण्यासाठी ही विहीर खोदली गेली. सभासदानं दरमहा २,००० वार सूत द्यावं, ही अट याच बेळगावात काँग्रेसनं मान्य केली. लांबीनं मोजलं तर अँकरच्या सव्वादोनशेहून जास्त लड्या होतात, आणि तेही हातानं कातलेलं सूत! रुमालाचं काम कंटाळवाणं वाटायला लागलं की मी हा हिशेब आठवते.

चालून आल्यावर नातवंडांची गणिताची चौकटीची वही घ्या आणि कट्टा उतरवा. वहीची एक चौकट म्हणजे मॅटीच्या दोन भोकांमधलं एक घर. माझं माप असं: खालची पायरी २० घरं रुंद, मधली १६, वरची १२, प्रत्येक पायरी २ घरं उंच. त्यावर ८ घरं रुंद आणि १० घरं उंच असा उभा भाग, मध्ये २ घरं रुंद, ३ घरं उंच कोनाडा. वर १२ घरांची टोपी, २ घरं उंच. तिच्या मधोमध तुळशीची काडी ६ घरं, आणि दर दोन घरांनंतर दोन्ही बाजूंना तिरकं पान. सगळ्या रुंद्या सम ठेवल्यात, कारण तेव्हाच मधली रेघ बरोबर भोकावर येते. विषम घेतल्या तर काडी घराच्या मध्ये अडकते आणि तुळस एका बाजूला झुकते.

टाका गावंती. भोकातून सुई वर काढा, एक घर ओलांडून लगेचच्या भोकात खाली घाला, पुढचं घर मागच्या बाजूनं जाऊ द्या, परत वर. एक घर भरलेलं, एक रिकामं असं शेवटपर्यंत जायचं. मग आल्या वाटेनं मागं फिरायचं आणि रिकामी राहिलेली घरं भरत यायचं. कट्ट्याचा घेर पुरा होऊन सुरुवातीच्या भोकाशी आलात तरी तसंच पुढं जाऊ नका, तिथूनच उलटं फिरा. परतीला सुई प्रत्येक वेळी जुन्या टाक्याच्या एकाच बाजूनं वर काढा आणि दुसऱ्या बाजूनं खाली घाला, म्हणजे रेघ सरळ दिसते. नाहीतर दातऱ्या पडतात.

वाटेत फांदी आली, म्हणजे तुळशीचं पान किंवा कोनाडा, तर आधी फांदीच्या टोकापर्यंत जाऊन, भरत परत येऊन मग पुढची वाट धरायची. फांदी मागाहून करू म्हटलं तर दोरा तिथं पोचत नाही, आणि उलट्या बाजूला लांब दोरा ओढून न्यावा लागतो. दोऱ्याला गाठ मारायची नाही. सुरुवातीला चार बोटं शेपूट सोडायचं आणि शेवटी ते मागच्या टाक्यांतून ओवून टाकायचं. दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला की पिळतो.

आमच्या शेजारच्या अक्कांनी मला हा टाका शिकवला. त्यांच्या हातात काम दिलं की त्या सुलट बाजू बघतच नाहीत, आधी उलटं करतात. दोन्ही बाजूंना सारखीच नक्षी असेल तर ‘भाळ चंद ऐतिरी’ म्हणतात, म्हणजे कानडीत ‘फार छान आहे’. तुम्हीही रोज उठताना कापड उलटून बघा. चूक एका दिवसाची असते तोवर उसवणं सोपं.

कडेची वेल मुरगी टाक्यानं. तोच गावंतीचा जाण्यायेण्याचा नियम, फक्त एक घर आडवं, एक घर वर, एक आडवं, एक खाली अशी पायरी चढत-उतरत जायची. ही जांभळ्या दोऱ्यानं भरा, कट्टा लाल, तुळस हिरवी. मेंथी म्हणजे फुलीचा टाका, आणि नेगी म्हणजे विणल्यासारखे लांब-आखूड टाके. ते या रुमालाला नकोत.

पाणी यायच्या दिवशी सुई हातात घेऊ नका. नळ कधी येईल ते सांगता येत नाही, कान तिकडेच लागलेले असतात आणि हात ओले. त्या दिवशी टाकी, पिंप, घागरी भरून घ्या, चादरी धुवून टाका आणि संध्याकाळी गल्लीतल्या गल्लीत फिरून या. ज्या दिवशी कट्टा भरायचा त्या दिवशी स्वयंपाक साधा ठेवावा. आमटी-भात, सोबत लोणचं. आमच्या घरात आता सगळ्यांना ते माहीत झालंय, सूनबाई स्वतःच म्हणते, ‘आई, आज तुम्ही बसा, भाकऱ्या मी थापते.’

आषाढात, मंगाईच्या जत्रेच्या सुमारास, हवेत इतकी ओल असते की मॅटी हाताला चिकटते. तेव्हा काम डब्यात सुक्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि बसण्याआधी हात पुसून घ्या.

शनिवारी कडा दुमडून बारीक टाक्यांनी टिपून घ्या. रुमाल थंड पाण्यात, थोड्या रिठ्याच्या पाण्यानं, न चोळता, न पिळता धुवा आणि सावलीत वाळवा. इस्त्री करताना खाली जाड टॉवेल घालून रुमाल पालथा ठेवा, म्हणजे टाके चेपत नाहीत, उठून दिसतात. उरलेला दोरा पुठ्ठ्यावर गुंडाळून त्यावर लडीचा नंबर लिहून ठेवा. अर्ध्या मीटरमधला दुसरा तुकडा अजून शिल्लक असतो आणि त्याला तोच लाल लागतो.