बायपासची तारीख मिळाल्यावर घरी करायची तयारी

हृदयाच्या बायपास ऑपरेशनची तारीख ठरली की घरचे पैशांच्या आणि रजेच्या मागे लागतात. गोळ्यांची पिशवी मात्र खुंटीलाच राहते. तयारी त्या पिशवीपासून सुरू करा.

पहिलं काम: सगळ्या स्ट्रिप्स, इन्सुलिन, काढे, लसणाच्या कॅप्सूल टेबलावर मांडा. नाव, मात्रा, वेळ लिहा. कागद सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना दाखवून प्रत्येक गोळी कोणत्या तारखेला थांबवायची ते त्यावरच लिहून घ्या. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्यांपैकी साधारणपणे क्लोपिडोग्रेल 5, टिकाग्रेलोर 3 आणि प्रासुग्रेल 7 दिवस आधी थांबवतात. ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. घोटाळा होतो तो एकत्रित कॅप्सूलमुळे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं औषध एकाच कॅप्सूलमध्ये असतं. रुग्ण ती 'कोलेस्टेरॉलची गोळी' म्हणून घेत राहतो आणि रक्तस्रावाच्या धोक्यामुळे ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. म्हणून स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर आवर्जून सांगा. ती सहसा 3 दिवस आधी बंद करतात, कारण साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. मेटोप्रोलॉलसारखी हृदयाचे ठोके आवरणारी गोळी मनाने सोडू नका. स्टेंट, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीतली जाळी, बसवलेला असेल तर कोणतीच गोळी स्वतःहून थांबवू नका.

दुसरं, तीन चेंडूंचा स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं साधन, आजच आणा. ताठ बसा, पूर्ण श्वास सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि हवा हळू आत ओढा. बरेच जण फुंकतात, त्याचा उपयोग नाही. चेंडू वर गेले की 3 ते 5 सेकंद तसेच धरा. जागेपणी दर तासाला दहा वेळा करा. चक्कर आली तर थांबा. छातीत दुखलं तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. उशी छातीशी कवटाळून खोकायलाही आत्ताच शिका, कारण ऑपरेशननंतर छाती दुखते, खोकला दाबला जातो आणि कफ साचतो. तंबाखू, मिशरी, विडी आजपासून बंद.

किडलेला दात, गळू, ताप, लघवीची जळजळ लपवू नका. पायाच्या फुगलेल्या शिरा किंवा त्यांचं आधी झालेलं ऑपरेशनही सांगा, कारण बायपाससाठी शीर बहुधा पायातूनच घेतात. छातीचे, पायाचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक कापण्यांतून जंतू शिरतात.

भारतीय शौचालय असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणा. छातीचं हाड जुळायला 6 ते 12 आठवडे लागतात, तोवर हातावर जोर देऊन उठायचं नाही. पुढून बटणं असलेले सदरे, गाऊन काढून ठेवा.

आदल्या रात्री दिलेल्या जंतुनाशक साबणाने अंघोळ करून धुतलेले कपडे घाला. नेलपॉलिश काढा, कवळी, मंगळसूत्र, बांगड्या, चमकी घरच्यांकडे द्या. जेवण आणि पाणी कधी बंद करायचं ती वेळ रुग्णालयाकडून लिहून घ्या. सकाळचा चहासुद्धा त्यात मोजला जातो. दूध घातलेला चहा पाण्यात धरत नाहीत.