पसारा नीट लावा: सिक्युरिटी गार्ड होण्याआधी जमवायचे कागद

पोलीस भरतीची यादी लागली की माझा फोन वाजायला लागतो. जतहून, कवठेमहांकाळहून, कधी मंगळवेढ्याहून. "मामा, उंचीत गेलो. एक सेंटिमीटर. तिकडं सिक्युरिटीत काय जमतंय का?" मी चाकणला एका सिक्युरिटी एजन्सीत फील्ड ऑफिसर आहे. त्याआधी आठ वर्षं गेटवर उभा होतो. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

उंचीचं आधी सांगतो, कारण रडणं तिथंच असतं. पोलीस शिपायाला पुरुषांसाठी १६५ सेंटिमीटर लागते. खाजगी गार्डसाठी केंद्राच्या नमुना नियमांत (राज्यांनी ज्यावरून आपले नियम करायचे ते) १६० आहे, बायकांसाठी १५०. पुरुषांची छाती ८० आणि फुगवून ४ सेंटिमीटर वाढली पाहिजे. बायकांना छातीची अट नाही. चष्मा चालतो, पण रंग ओळखता आले पाहिजेत, कारण पॅनेलवरचा लाल दिवा आणि हिरवा दिवा यात तुझी रात्र जाणार आहे. सपाट तळवे आणि गुडघ्याला गुडघा लागणं चालत नाही. एक किलोमीटर सहा मिनिटांत पळायचं. भरतीसाठी सोळाशे मीटर घासलेल्या पोराला यात काही अवघड नाही. पण भरती सुटून दोन वर्षं झालेली, घरी बसून ढेरी आलेली मंडळी चौथ्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभी राहतात, तेही मी पाहिलंय.

वय अठरा पूर्ण ते पासष्टच्या आत. शिक्षणाची गंमत अशी की कायद्यात दहावी पास असलंच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. दहावी मागते ती कंपनी, म्हणजे ज्यांच्या गेटवर आपण उभे राहणार ते. नियम फक्त एवढं म्हणतो की ओळखपत्रावरची इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता आले पाहिजेत. आमच्याकडं एक सातवी शिकलेले काका होते. ट्रकचा नंबर, चलनाचा नंबर, सीलचा नंबर असं खडाखडा लिहायचे की पदवीवाला सुपरवायझर त्यांचं रजिस्टर बघून आपलं भरायचा.

आता कायद्याचं नाव. खाजगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा, २००५. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की 'पसारा' होतं. ऑफिसात सगळे 'पसारा लायसन' असंच म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं साहेब टेबलावरच्या पसाऱ्याबद्दल बोलतायत. हे लायसन एजन्सीचं असतं, तुझं नाही, आणि पाच वर्षांचं असतं. एजन्सीनं ते किंवा त्याची प्रत ऑफिसात दिसेल अशा जागी लावायची असते. म्हणून मुलाखतीला गेलास की खुर्चीवर बसायच्या आधी भिंतीकडं बघ. गणपतीचा फोटो आणि कॅलेंडर आहे पण लायसन नाही, तर विचार. विचारल्याचा राग आला त्यांना, तर तिथून निघालेलं बरं. लायसन नसताना एजन्सी चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पंचवीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गार्डला त्यात कैद नाही होणार, पण तीन महिन्यांचा पगार कुठं मागायचा हा प्रश्न उरतो.

तुझा स्वतःचा मुख्य कागद म्हणजे प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण इथंच सगळी लबाडी चालते.

नमुना नियमांत शंभर तास वर्गातले आणि साठ तास मैदानातले, आणि हे किमान वीस कामाच्या दिवसांत पसरलेले पाहिजेत. गणित करून बघ: रोज आठ तास होतात. म्हणजे "तीन दिवसांत सर्टिफिकेट हातात" असं कुणी म्हणालं तर तो कागद विकतोय, प्रशिक्षण नाही. सैन्यातून किंवा पोलिसातून निवृत्त झालेल्यांना सूट आहे: चाळीस तास वर्ग, सोळा तास मैदान, किमान सात दिवस. बाकी कुणाला नाही, कुणाचा भाचा असला तरी.

मी स्वतः या बाबतीत शहाणा नव्हतो. २००९ साली भोसरीतल्या एका एजन्सीनं मला पहिल्या दिवशी एका लांब रजिस्टरवर वीस सह्या करायला लावल्या. वीस तारखा, वीस सह्या, पेनही एकच. "उद्या नाइटला जा, बूट मिळतील." बस, झालं माझं प्रशिक्षण. दीड महिन्यानं एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये (जिथं मशीनवर पत्रा दाबून आकार देतात तिथं) रात्री अडीचला इलेक्ट्रिक पॅनेलमधून ठिणग्या आणि मग धूर. मी काय केलं असेल? पाण्याची बादली उचलली. मेन्टेनन्सच्या पोरानं मागून कॉलर धरून ओढलं म्हणून हे लिहायला आहे. दोन हातांवर आग विझवायचा सीओटू सिलिंडर टांगलेला होता. रोज राउंडला त्याच्यावरची धूळ पुसायचो. त्याची पिन ओढायची असते हे मला माहीत नव्हतं.

दोन वर्षांनी दुसऱ्या एजन्सीत खरं प्रशिक्षण झालं. तिथल्या माजी सुभेदार साहेबांनी प्रत्येकाच्या हातात सिलिंडर देऊन पत्र्याच्या डब्यातली आग विझवायला लावली. पिन ओढ, नळी ज्वाळांकडं नाही तर आगीच्या बुडाशी धर, दांडा दाब, अंगण झाडल्यासारखी डावी-उजवीकडं फिरव. चार कामं. वीस सह्यांच्या वेळेत शिकून झाली असती.

अभ्यासक्रमात आणखी काय असतं ते ऐक, म्हणजे तुला फसवत असतील तर कळेल. वर्दी कशी घालायची आणि लोकांशी कसं बोलायचं, शारीरिक तयारी, इमारतीची आणि मालाची सुरक्षा, आग, गर्दी सांभाळणं, ओळखपत्रं तपासणं, संशयास्पद स्फोटक वस्तू ओळखणं, प्रथमोपचार, आपत्तीच्या वेळी काय करायचं, अलार्म आणि तपासणीची यंत्रं, पोलीस आणि सैन्यातले हुद्दे खांद्यावरून ओळखणं. बंदूक चालवणं ऐच्छिक आहे. कॅश व्हॅनच्या ड्रायव्हरला मात्र बचावात्मक ड्रायव्हिंग सक्तीचं. आणि कायद्याची तोंडओळख: स्वसंरक्षणाचा हक्क, एफआयआर कसा नोंदवायचा, शस्त्र कायद्यातली कामापुरती कलमं.

कायद्याच्या तासाला पोरं झोपतात. झोपू नकोस. १ जुलै २०२४ पासून जुना भारतीय दंड संहितेचा काळ संपला, आता भारतीय न्याय संहिता आहे, तेव्हा जुन्या झेरॉक्स नोट्सवरून शिकवत असतील तर तोंडावर विचार. गेटवरच्या माणसाला सगळ्यात उपयोगी पडतं ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक-तपासाची पद्धत सांगणाऱ्या कायद्याचं, कलम ४०. तुझ्या डोळ्यांदेखत दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही असा) गुन्हा घडला तर तू साधा नागरिक म्हणून त्या माणसाला धरू शकतोस, पण विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. गार्डला यापेक्षा जास्त अधिकार वर्दीनं मिळत नाही. तांब्याची वायर चोरताना सापडलेल्याला खांबाला बांधून सकाळपर्यंत बडवायचा, हे अजून काही साइटवर शौर्य समजलं जातं. तसं केलं तर सकाळी त्याच्या शेजारी तूही चौकीत बसशील. त्याला बसव, पाणी दे, ११२ लाव, वेळ लिहून ठेव.

दुसरा कागद चारित्र्य पडताळणीचा. पोलीस व्हेरिफिकेशन. नमुना नियमांप्रमाणे मागच्या पाच वर्षांत तू एकाहून जास्त जिल्ह्यांत राहिला असशील तर जितके जिल्हे तितके फॉर्म. इथं आपली पोरं हमखास चुकतात. दोन वर्षं सोलापुरात मेसवर राहून अभ्यास केला, मग पुण्यात आला, आणि फॉर्मवर फक्त सांगलीचा पत्ता. खोटं बोलायचं नसतं, विसरलेला असतो. पण कागदावर विसरणं आणि लपवणं सारखंच दिसतं. रिपोर्ट आला की तीन वर्षं चालतो, म्हणून त्याची प्रत मागून घे. एजन्सी बदललीस तर उपयोगी पडते.

"मामा, गावात भांडणाची एक केस आहे." हा प्रश्न दर दहा फोनमागं एकदा येतोच. कायद्यात अपात्र ठरवलंय ते कोर्टानं दोषी ठरवलेल्याला, आणि सैन्य-पोलीस अशा दलांतून गैरवर्तन किंवा नैतिक अधःपतनासाठी काढून टाकलेल्याला. केस चालू असणं म्हणजे दोषी ठरणं नव्हे. तरी काही एजन्सी घेणार नाहीत, तो त्यांचा निर्णय. आधीच सांग. लपवून लागलास आणि सहा महिन्यांनी रिपोर्टात निघालं तर मलाच तुला पॉइंटवरून, म्हणजे ड्युटीच्या जागेवरून, उतरवावं लागेल, आणि तुझ्या आईचा फोनही मलाच येईल.

तिसरा मेडिकलचा. तो दर बारा महिन्यांनी परत करायचा असतो.

बाकीचं फाइलमध्ये काय ठेवायचं ते तुला माहीतच आहे: आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, बँक पासबुक, आठ-दहा फोटो. फक्त एक ऐक. दाखवायला मूळ कागद, द्यायला झेरॉक्स. "ओरिजिनल जमा करा, नोकरी सोडताना परत मिळेल" असं म्हणणाऱ्याकडं शाळेचा मूळ दाखला अजिबात ठेवू नकोस. मी एका पोराचा दाखला सोडवायला चार वेळा आकुर्डीला गेलोय. प्रशिक्षणाचे किंवा वर्दीचे पैसे मागितले तर पावती माग; पावतीचं नाव काढलं की रक्कम पुष्कळदा आपोआप कमी होते.

रुजू झालास की एजन्सीनं फोटोचं ओळखपत्र द्यायचं. ते कमरेच्या वर, पुढच्या बाजूला, सगळ्यात बाहेरच्या कपड्यावर लावायचं. थंडीत जर्किन घातलं की कार्ड आत जातं आणि इन्स्पेक्शनला बोलणी बसतात. शिट्टी दोरीला बांधलेली आणि डाव्या खिशात. बूट लेसवाले. आणि सैन्याच्या किंवा पोलिसांच्या वर्दीसारखे दिसणारे कपडे अजिबात नकोत. हौस म्हणून ठिपक्यांची लष्करी पँट घालून येणारे असतात. पसारा कायद्याच्या कलम २१ खाली वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि ते घालणाऱ्यालाही लागू आहे.

पगाराच्या स्लिपबद्दल थोडं. मूळ पगाराच्या बारा टक्के पीएफ कापतात. मूळ बारा हजार असेल तर १,४४०. एकूण पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसीचे (कामगार आरोग्य विम्याचे) पाऊण टक्का, चौदा हजारांवर १०५ रुपये. कापलं म्हणजे भरलं असं नाही. सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडून बघ. आणि आयुष्यभर यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा कायमचा नंबर, एकच ठेव. माझे तीन एजन्सीत तीन निघाले होते, ते जोडताना नाकी नऊ आले.

आता जिथं पोरं हमखास गोंधळतात ते. महाराष्ट्रात 'सिक्युरिटी' या एका शब्दाखाली तीन वेगळी दारं आहेत. एक, आपली खाजगी एजन्सी, पसारा कायद्याची. दोन, सुरक्षा रक्षक मंडळ. हे १९८१ च्या राज्याच्या कायद्यानं झालेलं, कामगार विभागाखालचं. मंडळात गार्डची नोंदणी होते, कंपनीचीही नोंदणी होते, आणि पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा हे मंडळामार्फत मिळतं. तीन, महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ, म्हणजे लोक ज्याला एमएसएफ म्हणतात. २०१० च्या कायद्यानं आलेलं सरकारी महामंडळ, त्याची स्वतःची भरती आणि स्वतःच्या शारीरिक अटी. एका दाराचा कागद दुसऱ्या दारात आपोआप चालत नाही. "ऐंशी हजार दे, मंडळात चिकटवतो" म्हणणारा चहाच्या टपरीवर भेटेल. चहा पी आणि ऊठ.

बायकांना एक वेगळं सांगायचंय. हॉस्पिटल, मॉल, आयटी पार्क, जिथं जिथं झडती असते तिथं बाईची झडती बाईनंच घ्यायची असते, त्यामुळं प्रशिक्षण झालेल्या बायकांना माझ्याकडं कायम मागणी असते. नाइट ड्युटी, येण्याजाण्याची गाडी आणि पॉइंटवर टॉयलेट, या तीन गोष्टी होकार देण्याआधी विचारायच्या. लाजायचं नाही. तिसरी गोष्ट तर मी स्वतः जाऊन बघून येतो.

पुढं सुपरवायझर व्हायचं असेल तर त्यातही जागा असतात, कारण साधारण पंधरा गार्डमागं एक सुपरवायझर लागतो, आणि साइट विखुरलेल्या असतील तर सहामागं एक. सैन्य-पोलिसात तीन वर्षं काढलेल्यांना प्राधान्य आहे. पण रजिस्टर नीट लिहिणारा गार्ड वर येतो, मी आलो.

पहिल्या दिवशी पॉइंटवर जाताना खिशात छोटी वही आणि पेन ठेव. हे माझं म्हणणं नाही, नियमातच आहे. पहिल्या पानावर ११२, जवळची पोलीस चौकी, फायर ब्रिगेड, कंपनीचा इलेक्ट्रिशियन आणि माझा नंबर. दुसऱ्या पानावर मेन स्विच कुठं आहे आणि सिलिंडर कुठं कुठं टांगलेत, ते चालत जाऊन, बघून, स्वतःच्या अक्षरात. दुसऱ्या रात्री मी येतो तेव्हा पहिलं तेच पान मागतो.