‘रामदास’ बोटीत आपले कुणी होते का? आधी फेरफार पाहा

17 जुलै 1947 रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून जास्त माणसे गेली. घरात ‘पणजोबा त्या बोटीत गेले’ असे ऐकले असेल, तर मृत्यू नोंदवहीपासून सुरुवात करू नका. अनेकांचे देह सापडलेच नाहीत, त्यामुळे गावच्या नोंदवहीत नाव नसले म्हणून माणूस बोटीत नव्हता असे होत नाही. देह सापडला असेल तर नोंद घरच्या गावाऐवजी तो जिथे किनाऱ्याला लागला त्या गावी असू शकते.

घरची जमीन असेल, तर खरा माग वारस नोंदीत लागतो. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव, खातेदाराचे नाव आणि जुना सर्व्हे नंबर देऊन गाव नमुना 6 (फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांची नोंदवही) व 6-क (वारस नोंदवही) यांची नक्कल मागा. शोध 1947 वर थांबवू नका, 1956 पर्यंतची पाने पाहा. देह नसेल तर कायद्याने मृत्यू गृहीत धरायला सात वर्षे लागतात, म्हणून नोंद बरीच उशिरा पडलेली असू शकते. त्यानंतर गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक (गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही) पाहा. अर्जात जिल्हा ‘कुलाबा’ असाही लिहा. रायगड हे नाव 1981 चे, त्याआधी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. पान मोडी लिपीत असले तर अंदाजाने वाचू नका, जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या.

बोट बुडाली ती तिथी आषाढ अमावास्येची. घरात त्या तिथीला पणजोबांचे श्राद्ध होत असेल तर तो धागा चांगला, पण एकटा पुरावा नव्हे.