बायोलॉजी शिकवायला येताय? आधी मटणाच्या दुकानात जाऊन या

ज्युनियर कॉलेजला नव्याने लागलेले शिक्षक पहिल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये एक प्रश्न हमखास विचारतात, तोही हळू आवाजात. "मॅडम, झुरळाचं प्रॅक्टिकल कसं घ्यायचं? आम्ही कधी काही कापलंच नाही."

यात लाजण्यासारखं काही नाही. २०१४ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, पदवी आणि पदव्युत्तर प्राणीशास्त्रातलं विच्छेदन बंद केलं. त्यानंतर बी.एस्सी. झालेल्यांच्या हातात वॅक्स ट्रे, म्हणजे कापायचा प्राणी टाचून ठेवायचा मेणाचा ट्रे, आलाच नाही. मी त्याआधीची. स्कॉलिओडॉन, म्हणजे बाजारातली मुशी, छोटा शार्क मासा, तिच्या डोक्यातल्या नसा शोधण्यात अख्खी दुपार जायची. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरायचे. घरी गेलं की आई दारातच सांगायची, आधी आंघोळ, मग स्वयंपाकघरात पाय. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. एका बॅचला वीस मुशी लागायच्या, त्यातल्या निम्म्यांची नस पहिल्या दहा मिनिटांत तुटलेली, आणि शेवटी सगळ्या एकाच बादलीत. त्यातून शिकलात काय, असं कुणी विचारलं तर मी विषय बदलते.

पण त्या दुपारींनी एक गोष्ट दिली. चार्ट आणि मॉडेल किती खोटं बोलतात ते कळलं. अकरावीला झुरळ हा प्राणी अभ्यासाला आहे. भिंतीवरच्या चार्टमध्ये त्याचं पोट म्हणजे रंगपंचमी: अन्ननलिका गुलाबी, ग्रंथी हिरव्या, हृदय लालभडक. खरं झुरळ उघडलं की आत बघावं तिकडे पांढरं. चरबीचा पांढरा थर सगळं झाकून टाकतो. तो पाण्याखाली हळूहळू बाजूला केला की आतडं दिसतं, आणि त्यावर पिवळसर, केसांहून बारीक मालपिगी नलिकांचा (झुरळाच्या उत्सर्जनाच्या नळ्यांचा) झुपका. मधूनमधून चांदीच्या तारेसारखं काहीतरी चमकतं, त्या श्वासनलिका. लाल थेंबसुद्धा नाही, कारण त्याच्या रक्तात हिमोग्लोबिनच नसतं. चार्ट टांगण्याआधी एवढं मुलांना सांगा. मग श्वासनलिका थेट पेशींपर्यंत हवा पोचवतात आणि रक्तावर ते कामच नाही, हे वेगळं घोकून घ्यावं लागत नाही.

चोरून कापाकापी मात्र करू नका. बेडूक तर आणायलाच सांगू नका, वन्यजीव कायद्यात अडकाल. घरात मेलेलं झुरळ चिमट्याने उचलून आणलं तरी नर-मादी ओळखता येते (शेपटाकडे बारीक काड्यांची जादा जोडी दिसली तर नर), आणि भिंगाखाली मुखांगं सुटी करता येतात. जर्नलला तेवढं पुरतं.

आता रोगांचा धडा. बारावीला मलेरिया, टायफॉइड, न्यूमोनिया, हत्तीरोग असं सगळं एकामागून एक येतं, आणि नवा शिक्षक काय करतो? फळ्यावर तक्ता आखतो. रोगाचं नाव, जंतू, प्रसार, लक्षणं, उपाय. मीही पहिली तीन वर्षं हेच केलं. मुलांना मार्क पडायचे, आणि कॉलेजच्या मागच्या पिंपात डासांच्या अळ्या वळवळत असायच्या.

त्या अळ्यांनीच तक्ता सुटला. एका काचेच्या बाटलीत पाण्यासकट आणून टेबलावर ठेवल्या. अ‍ॅनॉफिलिसची, म्हणजे मलेरियाच्या डासाची, अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. क्युलेक्स (हत्तीरोगाचा डास) आणि एडिस (डेंग्यूचा डास) यांच्या अळ्या डोकं खाली करून तिरक्या लोंबकळतात, कारण त्यांची श्वास घ्यायची नळी शेपटाकडे असते. मागच्या बाकावरच्या मुलालाही लांबून फरक दिसतो. आपल्याकडे आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात, तो आठवड्यातूनच का, हे मग मुलंच सांगतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्याआधी भांडं रिकामं झालं की संपलं. बाटलीच्या तोंडाला फडकं बांधायला विसरू नका. मी विसरले होते, आणि दिवाळीची सुट्टी लागली. परत आल्यावर स्टाफरूममध्ये माझं जे स्वागत झालं ते इथे लिहीत नाही.

साथ कशी पसरते ते दाखवायला आमच्याकडे पाण्याच्या ग्लासांचा खेळ आहे. प्रत्येकाला अर्धा ग्लास पाणी द्यायचं, एकाच ग्लासात सोडा घालायचा आणि तो कुणाचा ते सांगायचं नाही. मुलांनी तिघांशी पाण्याची अदलाबदल करायची, मग केमिस्ट्रीवाल्यांकडून आणलेलं फिनॉल्फ्थॅलीन, सोड्याच्या पाण्यात गुलाबी होणारं द्रव्य, प्रत्येक ग्लासात थेंबभर. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ ग्लास गुलाबी होतात. पहिल्या वर्षी मी खाण्याचा सोडा घातला, एकही ग्लास गुलाबी झाला नाही आणि चाळीस मुलं माझ्याकडे बघत राहिली. धुण्याचा सोडा लागतो. या सोड्याचा चमचा वेगळा ठेवा, पाणी कुणी तोंडाला लावणार नाही हे बघा, आणि आदल्या दिवशी एकदा घरी करून पाहा. पहिला ग्लास कुणाचा होता हे शोधायला लावलं की वर्ग तासभर भांडतो, आणि नक्की कुणालाच सांगता येत नाही. माझ्या मते खरा धडा तोच आहे.

नारूचं नाव हल्लीच्या मुलांनी ऐकलेलंही नसतं. आजी-आजोबांना विचारून या, एवढाच गृहपाठ मी देते. एका मुलाच्या आजोबांच्या घोट्याजवळ अजून व्रण होता. विहिरीचं पाणी प्यायल्यावर वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर येऊ लागायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, घाई केली आणि तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळायचा. या रोगावर लस नाही, मारणारं औषधही नाही. तरी भारत नारूमुक्त झाल्याचं शिक्कामोर्तब जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये केलं. त्यामागे होतं गाळून घेतलेलं पाणी, लोक पाण्यात उतरायचे त्या पायऱ्यांच्या विहिरींचा बंदोबस्त आणि गावोगाव फिरणारे आरोग्य कर्मचारी.

आता माझी चूक सांगते, कारण ही तुमच्या हातूनही होईल. क्षयरोग शिकवताना मी मोठ्या आवाजात म्हणाले होते, "कोंदट घर, अपुरं खाणं, तिथेच टीबी होतो." दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या बाकावरची एक मुलगी यायची बंद झाली. आठवड्याने आमच्या लॅबच्या मामांकडून कळलं, तिच्या वडिलांची गोळी चालू होती आणि वर्गातल्या दोघींना ते माहीत होतं. मी तिच्या घरी गेले. वडील ओसरीवर बसले होते, मला बघून उठले आणि रुमाल तोंडाला लावून लांब जाऊन उभे राहिले. पाणी आणलं तिनेच. मी ग्लास उचलून पाणी प्यायले, एवढंच मला त्या क्षणी सुचलं.

तेव्हापासून क्षयरोगाचा तास मी उलट्या टोकाने सुरू करते. साधारणपणे सहा महिने गोळ्या, त्या सरकारी दवाखान्यात फुकट, आणि औषधाला दाद देणारा टीबी असेल तर काही आठवड्यांतच रुग्णापासून लागण होण्याची शक्यता खूप कमी होते. भांडी वेगळी करायची गरज नसते, रोग थुंकीच्या कणांतून हवेने पसरतो. केरात पडलेली अर्धी गोळ्यांची पाकिटं जास्त धोक्याची, कारण त्यातून औषधाला न जुमानणारा जंतू तयार होतो. कोंदट घराचं सांगतेच, ते खरंच आहे, पण सर्वांत शेवटी, आणि ते घर कुणाचंही असू शकतं असं. एचआयव्हीचंही तेच. वर्गात चाळीस मुलं असतील तर एकाच्या तरी घरात हा रोग आहे असं धरूनच तोंड उघडा.

विच्छेदनाकडे परत येते. बारावीला रक्ताभिसरण शिकवताना बोकडाचं हृदय आणा. कुठला प्राणी वर्गासाठी मारावा लागत नाही, दुकानात ते असतंच. दुकानात त्याला 'दिल' म्हणतात. मी पहिल्यांदा आणलं ते खाटकाने सवयीने चिरून, वरच्या नळ्या छाटून दिलेलं. डाव्या कप्प्याची भिंत उजवीपेक्षा किती जाड, एवढंच दिसलं, झडपा गेलेल्या. श्रावणात तर दुकानच अर्धं बंद, आणि आमच्याकडे हा धडा नेमका तेव्हाच येतो, म्हणून वेळापत्रक आधी बघा. घरी मांसाहार नसलेल्या मुलांना आधी विचारा, हात लावायची सक्ती नको, लांबून बघू दे. हातमोजे, नंतर साबण, आणि उरलेलं लगेच नीट पुरा, नाहीतर गेटवरची कुत्री दिवसभर लॅबच्या दारात बसतात.

त्या चिरलेल्या हृदयाच्या दिवशी, वर्षभर तोंड न उघडलेला एक मुलगा पुढे आला. माझ्या हातातून कात्री घेतली आणि वरची नळी कुठून निघते ते बोट घालून दाखवलं. त्याच्या घरचंच मटणाचं दुकान होतं. अख्खं हृदय मिळालं तर महाधमनीतून पाणी ओतल्यावर झडप मिटते आणि पाणी वरच थांबतं, हे मी सांगितलं तसा तो थोडा विचारात पडला.

"मॅडम, तुम्ही रविवारी किंवा बुधवारी येऊ नका, गर्दी असते," तो म्हणाला. "मंगळवारी सकाळी या. नळ्यांसकट बाजूला काढून ठेवतो."