सुईचे टोक पाहत पुढे जा : अल्ट्रासाउंडच्या मदतीने हाताच्या शिरेत कॅन्युला लावणे

खानापूर किंवा निपाणीकडून रात्री उशिरा बेळगावच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचणाऱ्या रुग्णाच्या हातांवर पुष्कळदा आधीच तीन-चार ठिकाणी कापसाचे बोळे चिकटवलेले असतात. अशा वेळी कॅन्युला (सुईवर चढवलेली, शिरेत ठेवायची मऊ नळी) लावण्यासाठी आणखी एकदा चाचपून टोचण्यापेक्षा अल्ट्रासाउंड मशीन जवळ ओढणे शहाणपणाचे ठरते. जाड किंवा सुजलेला हात, अनेकदा दिलेली केमोथेरपी आणि उलट्या-जुलाबांनी आटलेले शरीर ही याची नेहमीची कारणे आहेत; मात्र ज्याची शीर बोटाला सहज लागते, त्याच्यासाठी मशीन आणू नये. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात मनगटाच्या वरच्या भागातील शिरा पुढील फिस्तुलासाठी (डायलिसिससाठी धमनी व शीर जोडून केलेला मार्ग) राखून ठेवाव्या लागतात, म्हणून तेथे आधी तळहाताच्या मागची बाजू पाहावी. फिस्तुला असलेल्या हाताला तर टूर्निके (शीर फुगवण्यासाठी दंडाला आवळायचा पट्टा) बांधूच नये.

उच्च वारंवारितेचा लिनियर प्रोब (त्वचेवर टेकवायचा, सपाट टोकाचा भाग) घ्यावा, पडद्यावर दिसणारी खोली दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवावी आणि प्रोबवरची खूण व पडद्यावरची खूण एकाच बाजूला आहेत याची खात्री करावी. प्रोबने हलके दाबले की शीर चपटी होते, धमनी मात्र ठोके देत राहते व सहजी दबत नाही. दंडाच्या आतल्या बाजूची बॅसिलिक शीर बहुधा मोठी आणि धमनीपासून दूर असते. ब्रेकियल शिरा मात्र धमनी व मीडियन नसेला (संवेदना वाहणारी मज्जातंतू) चिकटून असल्याने त्या शेवटचा पर्याय समजाव्यात. नवशिक्याचा हात प्रोबवर नकळत जड पडतो, शीर मिटते आणि ‘शीरच नाही’ असा समज होतो, म्हणून मनगट रुग्णाच्या हातावर टेकवून प्रोब धरावा.

कॅन्युलाची लांबी हा दुर्लक्षित मुद्दा आहे. शीर १ सेंटिमीटर खोल असेल आणि सुई ४५ अंशांत घातली, तर शिरेपर्यंत पोहोचण्यातच जवळजवळ १.४ सेंटिमीटर खर्च होतात. गुलाबी रंगाच्या २० गेजच्या (गेज म्हणजे जाडीचे माप) नेहमीच्या कॅन्युलाची लांबी सुमारे ३२ मिलिमीटर असते. म्हणजे आत जेमतेम १.८ सेंटिमीटर राहते आणि रुग्णाने कोपर वाकवताच ती निसटू शकते. हिरवी १८ गेजची साधारण ४५ मिलिमीटरची कॅन्युला येथे अधिक भरवशाची. शीर दीड सेंटिमीटरहून खोल असेल, तर दुसरी शोधणेच बरे.

आडव्या छेदात, म्हणजे प्रोब शिरेला आडवा धरल्यावर, शीर काळ्या वर्तुळासारखी दिसते आणि सुई पांढऱ्या ठिपक्यासारखी. खरी गोम येथेच आहे, कारण तो ठिपका टोकाचा असेलच असे नाही, सुईच्या दांड्याचाही असू शकतो. म्हणून ठिपका दिसला की सुई थांबवून प्रोब किंचित पुढे सरकवावा. ठिपका नाहीसा झाला, तर तेच टोक होते. मग ठिपका पुन्हा दिसेपर्यंतच सुई पुढे न्यावी आणि याच क्रमाने, एक पाऊल प्रोब व एक पाऊल सुई, असे शिरेच्या मध्यापर्यंत जावे. रक्त दिसताच कॅन्युला सरकवण्याची घाई नडते. सुईचा कोन कमी करून टोक शिरेच्या आत आणखी सुमारे एक सेंटिमीटर नेल्यावरच कॅन्युला सुईवरून पुढे सरकवावी. लांबट छेदात, म्हणजे प्रोब शिरेच्या लांबीने धरल्यावर, सगळी सुई दिसते हे खरे, पण प्रोब एक-दोन मिलिमीटर घसरला तरी शेजारची धमनीच शीर वाटू शकते. म्हणून आधी आडवा छेद पक्का करावा, असे माझे मत आहे.

सरावासाठी महागडे मॉडेल लागत नाही. जिलेटिन गरम पाण्यात घट्ट विरघळवून त्यात थोडे इसबगोल मिसळावे, म्हणजे पडद्यावर मांसासारखा करडा पोत दिसतो. मध्ये पाण्याने भरलेला लांबट फुगा ठेवून थंड करावे. असे मॉडेल वितळवून पुन्हा ओतता येते. त्यावर टोकाचा पाठलाग सलग दहा वेळा न चुकता जमल्यावर, आणि जाणकार शेजारी उभा असतानाच, रुग्णाकडे वळावे. हात हलू नये म्हणून रुग्णाच्या भाषेत सांगावे. कन्नड बोलणाऱ्याला ‘कै अलुगाडिसबेडि’ एवढे म्हणता यायला हवे. करंट लागल्यासारखे वाटले असे रुग्णाने सांगितल्यास सुई नसेजवळ आहे, लगेच मागे घ्यावी.

आपल्याकडे १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यामुळे अल्ट्रासाउंड मशीनची नोंदणी सक्तीची आहे, मग ते केवळ शिरा शोधण्यासाठी का असेना. मशीन कोणी हाताळायचे आणि कोणत्या विभागात न्यायचे, हे रुग्णालयाकडून लेखी घेतल्याशिवाय परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू करू नये.

त्वचा अँटिसेप्टिकने पुसून वाळू द्यावी, प्रोबला निर्जंतुक आवरण व निर्जंतुक जेल वापरावे आणि शेवटी जेल पूर्ण पुसावे, नाहीतर चिकटपट्टी धरत नाही. खोल शिरेतून औषध बाहेर झिरपले तरी सूज उशिरा दिसते. म्हणून दहा मिलिलिटर सलाईन देताना कॅन्युलाच्या टोकाजवळ प्रोब ठेवून ते शिरेतच जाते आहे ना ते पाहावे, आणि रक्तदाब वाढवणारे औषध किंवा सीटी स्कॅनचे कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावे म्हणून टोचायचे द्रव्य) देण्याआधी ही तपासणी पुन्हा करावी.