तळ्याचा गाळ आणायला जाण्याआधी

मे महिन्यात वळवाचा एखादा पाऊस होऊन गेला तरी आमच्या बेळगाव-खानापूर भागातली गावतळी तळाला लागलेली असतात. कडेचा गाळ उघडा पडतो आणि पाय ठेवण्याइतका घट्ट होतो. शाळेतल्या मुलांना सूक्ष्मजीवाश्म, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसणारे जीवाश्म, दाखवायचे असतील तर हेच दिवस. मी दर उन्हाळ्यात आठवी-नववीची मुलं घेऊन जातो. यंदा पहिल्यांदाच जाणाऱ्या शिक्षकांसाठी ही तयारी लिहून ठेवतो आहे.

सामान बांधण्याआधी प्रश्न ठरवा आणि तो वहीच्या पहिल्या पानावर एका वाक्यात लिहा. ‘या तळ्यात पूर्वी पाणी खोल होतं की उथळ?’ एवढा प्रश्न पुरे आहे. त्याचं उत्तर डायटम देतात. डायटम म्हणजे एकपेशीय शैवाल. त्यांचं कवच सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच घटकाचं असतं, आणि झाकण लावलेल्या डबीसारखं दोन भागांचं असतं. जीव मरतो, डबी गाळात राहते. सायक्लोटेलासारखे गोल डायटम उघड्या पाण्यात तरंगतात, नॅव्हिक्युला तळाच्या चिखलावर सरकत राहतात, गोम्फोनेमा देठाने पाणवनस्पतींना धरून राहतात. खालच्या थरात तरंगणारे जास्त आणि वरच्या थरात चिखलावरचे जास्त निघाले, तर तळं उथळ होत गेलं असं म्हणता येतं. मात्र ‘पाऊस कमी झाला’ असं लगेच लिहू देऊ नका. शेतातली माती वाहून येऊनही तळं भरतं. गावचं सांडपाणी येऊ लागलं की निट्झशिया नावाच्या डायटमच्या घाण पाणी सोसणाऱ्या जाती वाढतात, ते वेगळंच कारण. मुलांना एवढा फरक समजला तरी फेरी सार्थकी लागली असं मी मानतो.

जागेबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण चूक इथेच होते. जीवाश्म म्हटलं की मुलं हातोडी मागतात. पण गोकाकचा धबधबा ज्या खडकावरून पडतो तो ५४ कोटी वर्षांहून जुना आहे. तेव्हा डायटम जन्मालाच आले नव्हते. चिकोडी-निपाणीकडची काळी जमीन ज्या बेसाल्टची झाली तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात जीवाश्म टिकत नाहीत. मात्र दख्खनच्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे जुन्या तळ्यांचा गाळ दबून राहिला आहे. त्यात ऑस्ट्राकॉड म्हणजे शिंपल्यासारखी दुपाखी कवचं असलेले बारीक जीव, परागकण आणि कारा नावाच्या पाणशैवालाची फळं सापडतात. मध्य प्रदेशात छिंदवाड्याजवळ झिलमिली इथे अशाच गाळात चक्क समुद्रात तरंगणारे फोरामिनिफेरा, म्हणजे चुन्याचं कवच असलेले एकपेशीय जीव, मिळाले, तेही डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतर लगेचच्या काळातले. त्या महासंहारात तरंगत्या फोरामिनिफेराच्या बहुतेक जाती संपल्या होत्या, म्हणून ती मोजकी कवचं फार मोलाची. असा थर ओळखणं जाणकारांचं काम आहे. आपण तो खणू नये, एवढंच मुलांना सांगावं. खानापूरच्या जांभ्याच्या तांबड्या मातीतही हात घालू नका. ती आम्लधर्मी असते, चुन्याचं कवच तिथे विरघळून जातं. आपल्यासाठी तळंच बरं.

तळं ठरलं की आठवडाभर आधी गावात जाऊन या. ग्रामपंचायतीची परवानगी घ्या, आणि बांधावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की गाळ शेवटचा कधी उपसला. शेतकरी तळ्याचा गाळ मळ्यात नेऊन टाकतात आणि उपसलेल्या जागी थरांचा क्रम मोडतो. तिथला नमुना घेऊन उपयोग नाही. गाव कन्नड बोलणारं असेल तर तळ्याला ‘केरे’ म्हणतात हे माहीत असावं. कन्नड चांगलं येणारा एखादा विद्यार्थी बरोबर असला तर गप्पा लांबतात आणि कामाची माहिती मिळते. कधी तळं आटलं होतं, कुठल्या साली गावाला टँकरचं पाणी प्यावं लागलं, हे सगळं लिहून घ्या.

सामान फार लागत नाही. दोन इंची पीव्हीसी नळीचा एक मीटरचा तुकडा, दोन्ही टोकांना झाकणं, लाकडी ठोकळा, हातोडा (तो फक्त नळी ठोकायला), मोजपट्टी, दोरी, झिपच्या पिशव्या, पेन्सिली. नळी गाळात घुसवली की आतल्या आणि बाहेरच्या गाळाची उंची मोजा. आतला गाळ दबून थोडा खाली बसलेला असतो, तो फरक वहीत हवा. नळीवर ‘वर’ असं बाणासह आधीच लिहून ठेवा. ओल्या गाळात एकट्याने उतरायचं नाही, कमरेला दोरी बांधूनच उतरायचं आणि दुसरं टोक कडेच्या मोठ्या माणसाच्या हातात. यात सूट नाही.

चिठ्ठ्या आदल्या रात्रीच करून ठेवा. तळ्याचं नाव, कोणती बाजू, कडेपासून अंतर, पृष्ठभागापासून खोली, तारीख, घेणाऱ्याचं नाव, सगळं पेन्सिलीने. एका वर्षी आम्ही शाईने लिहिलं. गाळाच्या ओलीने शाई पसरली आणि सहापैकी दोन पिशव्या कोणत्या कडेच्या ते कळेना. मुलांनी दिवसभर उन्हात काढलेला तो गाळ टाकून द्यावा लागला. तेव्हापासून एक चिठ्ठी पिशवीच्या आत, बटरपेपरमध्ये गुंडाळून, आणि दुसरी बाहेर. खोली माहीत नसलेला गाळ कुंडीत घालायला चालेल, अभ्यासाला नाही. वय मात्र चिठ्ठीवर लिहू नका. ते कार्बन-१४ किंवा शिसे-२१० या किरणोत्सारी द्रव्यांच्या मोजणीने प्रयोगशाळेतच ठरतं. आपण फक्त ‘वरचा’ आणि ‘खालचा’ म्हणू शकतो, आणि तेवढं आपल्या प्रश्नाला पुरतं.

आणखी एक पिशवी हवी, आजच्या पृष्ठभागावरच्या गाळाची. आज कुठल्या पाण्यात कोण राहतं हे कळलं तरच कालचं वाचता येतं.

सुट्टीत कारवारला किंवा गोव्याला कुणी जाणार असेल तर त्यांच्याकडे झाकणाची एक डबी द्या आणि ओहोटीच्या वेळी वरची सेंटीमीटरभर बारीक वाळू मागवा. त्यात फोरामिनिफेरा मिळतात. ते एकपेशीय, पण कप्प्याकप्प्यांचं चुन्याचं कवच बांधणारे. अमोनिया नावाची एक प्रजाती आपल्या किनाऱ्यावर सहज दिसते. तिचा त्या वायूशी संबंध नाही, हे आधीच सांगा, मुलं विचारतातच. कारवारपाशी काळी नदी पावसाळ्यात गोडं पाणी आणून समुद्राचा खारेपणा कमी करते आणि त्याचा परिणाम या जीवांवर होतो. तिथल्या समुद्रतळाच्या गाळातल्या फोरामिनिफेरावरून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९९५ मध्ये सुमारे ७७ वर्षांचं दुष्काळाचं चक्र मांडलं. सह्याद्रीवर पडलेल्या पावसाची नोंद समुद्राच्या तळाशी वाचता येते, हे मुलांना सांगताना मला आजही भरून येतं. मोठ्या मुलांना त्यापुढचंही सांगा. कवचातल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनचं प्रमाण पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतं, हे तत्त्व रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरे यांनी १९४७ मध्ये मांडलं. भूवैज्ञानिक चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये ते समुद्रतळाच्या गाळावर वापरून हिमयुगांचे चढउतार दाखवले. ध्रुवांवर बर्फ साठतो तेव्हा हलका ऑक्सिजन त्यात अडकतो, म्हणून त्या आकड्यात थंडी आणि बर्फ दोन्ही मिसळलेले असतात.

घरी आल्यावर सगळ्यात मोठी काळजी आम्लाची. डायटमच्या गाळातला चुना काढायला सौम्य आम्ल चालतं, पण त्याच आम्लाचे, अगदी व्हिनेगरचेही, थेंब वाळूत पडले तर फोरामिनिफेरा बुडबुडे होऊन जातील. दोन्ही कामांची भांडी वेगळी ठेवा, त्यांवर रंगाची पट्टी लावा. कुजका पालापाचोळा घालवायला औषधाच्या दुकानातलं सहा टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पुरे, हातमोजे घालून. तीव्र पेरॉक्साइड कातडी भाजतं, ते शाळेत आणूच नका. परागकण गाळातून काढायला सहसा हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात, त्याचा विचारही नको. परागकण पाहायचे तर आंब्याच्या मोहराचे, जोंधळ्याचे ताजे घ्या.

वाळू ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर नळाच्या पाण्याने धुवा. चाळणी महाग वाटली तर स्क्रीन प्रिंटिंगच्या कापडाचं छिद्र किती मायक्रॉनचं ते दुकानात विचारून तेच ताणून बसवा. एक नमुना झाला की चाळणी मेथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवून धुवा. अडकून राहिलेले कण निळे होतात, आणि पुढच्या नमुन्यात निळं कवच दिसलं की ते आधीचं म्हणून बाजूला काढता येतं. वाळलेल्या वाळूतून कवचं काळ्या कागदावर पसरून, ओलसर तीन शून्य (०००) नंबरच्या, अगदी बारीक ब्रशने एकेक उचलायची. डायटमसाठी धुतलेल्या गाळाचा थेंब काचपट्टीवर सुकू द्या आणि चारशेपट मोठं करून पाहा.

प्रत्येक नमुन्यातल्या कवचांची मोजणी तीनशेपर्यंत करावी. दहावीसवरून निष्कर्ष काढायची मुलांना घाई असते. तीनशे मोजायला दोघांना एक दुपार जाते, म्हणून जोड्या आधीच पाडून ठेवा. एकाने बघायचं, दुसऱ्याने वहीत रेघा ओढायच्या, आणि पन्नास झाले की जागा बदलायच्या. न ओळखू आलेल्यांसाठी वेगळा रकाना ठेवा. त्यात रेघा पडल्या तरी हरकत नाही, पण त्यांचं चित्र मात्र शेजारी काढलेलं असावं.