निबंधाला बसण्याआधी

जून उजाडला की कोल्हापुरात शाहू जयंतीच्या निबंध स्पर्धा सुरू होतात. विषय बहुतेक वेळा एकच, राजर्षी शाहूंचं सामाजिक आणि शैक्षणिक कार्य. पोरं वही उघडतात आणि २६ जून १८७४ पासून सुरुवात करतात: जन्म, दत्तकविधान, राज्यारोहण आणि मग कार्यांची जंत्री. माहिती सगळी बरोबर असते, पण लिहिणाऱ्याचं म्हणणं काय ते शेवटपर्यंत कळत नाही. ते म्हणणं लिहिता लिहिता सुचेल या भरवशावर राहू नका. पेन हातात घेण्याआधी काय काय तयार हवं, ते इथे सांगतो.

सगळ्यात आधी विषय लहान करून घ्या. हजार शब्दांत महाराजांचं अख्खं कार्य मावत नाही. १९०२ चा सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागांचा हुकूम आणि वसतिगृहं एवढंच घेतलं तरी पुष्कळ झालं. मग स्वतःला एक प्रश्न विचारा, उदाहरणार्थ: नुसत्या हुकुमाने भागलं असतं का? त्याचं उत्तर एका पूर्ण वाक्यात कागदावर उतरवा. ‘शाहू महाराजांनी शिक्षणाला महत्त्व दिले’ हे वाक्य चालणार नाही, कारण त्याला कोणी नाही म्हणणार नाही. ‘राखीव जागांचा हुकूम प्रत्यक्षात उतरला तो वसतिगृहांमुळे’ हे चालेल. यावर वर्गातलं एखादं पोरगं हात वर करून ‘कशावरून?’ असं विचारू शकतं. तसं कोणी विचारू शकत नसेल, तर वाक्य पुन्हा लिहा.

आता पुरावा. हे काम घाईने उरकू नका, निबंधाचा खरा कस इथेच लागतो. हुकुमाबद्दल कोणी काय लिहिलंय ते नंतर वाचा, आधी हुकूमच वाचा. २६ जुलै १९०२ च्या करवीर सरकारच्या, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या, गॅझेटमध्ये तो छापला गेला, तेव्हा महाराज विलायतेत होते. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांना द्याव्यात, हे त्यातलं कलम सगळ्यांना पाठ असतं. पण थोडं पुढे वाचा. ज्या कचेरीत मागासवर्गीयांचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या खाली आहे, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी, असं त्यात आहे. हुकुमानंतर केलेल्या नेमणुकांचं तिमाही विवरणपत्र खातेप्रमुखांनी पाठवावं, असंही आहे. म्हणजे अंमलबजावणी तपासायची तर कुठला कागद शोधायचा, हे हुकूमच तुम्हाला सांगतो. अशा ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि कुठल्या पुस्तकाच्या कितव्या पानावर ती मिळाली ते तिथल्या तिथे टिपून ठेवा. नंतर आठवत नाही.

मग तारखा एकाखाली एक मांडा. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१, हुकूम १९०२, मुस्लिम बोर्डिंग १९०६, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचं मिस क्लार्क होस्टेल १९०८. मांडल्याबरोबर अडचण दिसते. पहिलं बोर्डिंग हुकुमाच्या जेमतेम वर्षभर आधीचं. त्यातली पोरं लगेच कारकून किंवा मामलेदार होणं शक्य नव्हतं. मग सुरुवातीच्या नेमणुकांचं श्रेय वसतिगृहांना कसं देणार? अशा वेळी तारीख लपवू नका, म्हणणं बदला: ‘राखीव जागा आधी आल्या, त्या जागांवर बसतील अशी शिकलेली माणसं वसतिगृहांनी पुढच्या काळात तयार केली.’ हे वाक्य पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे, आणि ते पुराव्यामुळेच मिळालं. आता नेमकं काय शोधायचं तेही कळतं: कुठल्या वसतिगृहात कुठल्या साली किती मुलं होती आणि शिकून ती कुठे लागली. आकडा सापडला तर लिहा. नाही सापडला तर ‘हजारो विद्यार्थ्यांना लाभ झाला’ असं ठोकून देऊ नका, तेवढा दावा मागे घ्या.

हे सगळं मोबाईलवर मिळणार नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या गावात आहे आणि विद्यापीठात खर्डेकर ग्रंथालय आहे. शाहूकालीन कागदपत्रांचे छापील खंड मागा, ग्रंथपालांना विषय नीट सांगा. नुसतं ‘शाहूंवरचं पुस्तक द्या’ म्हणालात तर चरित्र हातात पडेल.

विरुद्ध बाजूचाही एक मुद्दा सोबत हवा, आणि तो दमदार हवा. मुलं शिकली ती वसतिगृहांमुळे की शिष्यवृत्त्या आणि फी-माफीमुळे, असं कोणी विचारलं तर? दोन्ही एकाच धोरणाचे भाग होते हे मान्य करा, आणि खेड्यातल्या पोराला फी माफ झाली तरी शहरात राहायचं कुठे आणि जेवायचं कुठे हा प्रश्न उरतोच, हे दाखवा. त्यालाही दाखला लागेल.

आराखडा एका पानाचा पुरे. पण त्यात ‘प्रस्तावना, वसतिगृहे, समारोप’ असे मथळे नकोत. प्रत्येक परिच्छेद काय सांगणार ते पूर्ण वाक्यात लिहा, शेजारी त्याचा पुरावा आणि पान क्रमांक. ज्या वाक्याशेजारची जागा रिकामी राहील त्यासाठी पुन्हा ग्रंथालयात जा, नाहीतर ते वाक्य काढा. मग नुसती ती पाच-सहा वाक्यं घरात कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्याने मध्येच ‘हे कुठून आलं?’ म्हटलं, तर क्रम चुकला आहे.

कितीही मोह झाला तरी काही गोष्टी बाहेर ठेवाव्या लागतील. राधानगरीचं धरण, खासबागेचं कुस्ती मैदान, १९२० ची माणगाव परिषद, यातली एकेक गोष्ट स्वतंत्र निबंधाच्या तोलाची आहे. १९१७ चा मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम तर अगदी जवळचा वाटतो, पण तो प्राथमिक शाळांचा, आपला मुद्दा वरच्या वर्गांतल्या मुलांचा. फार तर एका वाक्यात उल्लेख करा.

शीर्षक आणि पहिला परिच्छेद सगळ्यात शेवटी लिहायचा. तोवर आपलं म्हणणं नक्की काय आहे ते पक्कं झालेलं असतं, त्यामुळे ‘युगपुरुष’ किंवा ‘थोर समाजसुधारक’ अशा शब्दांनी सुरुवात करावी लागत नाही. थेट जुलै १९०२ च्या त्या गॅझेटपासून सुरू करता येतं.